परवाना माणसाचा, खुर्ची कंपनीची : जुहूच्या धावपट्टीवरून निवृत्त वैमानिकांचा इतिहास

१५ ऑक्टोबर १९८२. कराचीहून निघालेले एक छोटे लेपर्ड मॉथ विमान जुहूच्या धावपट्टीवर उतरले. आत एकच माणूस होता, आणि त्याचे वय होते ७८. बरोबर पन्नास वर्षांपूर्वी, १५ ऑक्टोबर १९३२ रोजी, हाच माणूस कराचीहून अहमदाबादमार्गे टपालाच्या थैल्या घेऊन याच जुहूला उतरला होता. जे. आर. डी. टाटा.

हा प्रसंग आपल्यापैकी अनेकांनी वाचलेला आहे. पण त्यातला एक प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. जे. आर. डी. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी एकटे समुद्रकाठाने विमान हाकत आले, त्याच वर्षी त्यांनी उभ्या केलेल्या एअर इंडियाचा जंबो जेटचा कप्तान मात्र साठी गाठण्याआधीच हार-तुरे घेऊन घरी जात होता. तो कप्तान म्हातारा, आणि हे तरुण? हे कसे? आजचा धागा या प्रश्नाचा आहे. थोडा लांब आहे, सवडीने वाचा.

उत्तराचा पहिला भाग कायद्यात आहे. वैमानिकाच्या हातात दोन वेगळ्या गोष्टी असतात. एक परवाना, दुसरी नोकरी. परवाना सरकार देते. तो माणसाच्या नावावर असतो आणि डोळे, कान, हृदय ठीक असल्याचे वैद्यकीय प्रमाणपत्र चालू आहे तोवर तो जिवंत राहतो. खासगी, हौशी उड्डाणासाठी आंतरराष्ट्रीय नियमांत वयाची वरची मर्यादाच नाही. नोकरी कंपनी देते, आणि तिचे वय कंपनीचे सेवा-नियम ठरवतात. या दोहोंच्या मध्ये तिसरी एक रेघ आहे : भाडे देणाऱ्या प्रवाशांना घेऊन किती वयापर्यंत उडता येईल, याची. ही रेघ आणि नोकरीची रेघ एकाच जागी पडत नाहीत. त्या दोन रेघांमधली जी काही वर्षांची पट्टी आहे, तिच्यातच निवृत्त वैमानिकांचा सगळा इतिहास घडला.

जे. आर. डीं.ना १० फेब्रुवारी १९२९ रोजी मुंबईत उड्डाणाचा परवाना मिळाला. भारतात दिल्या गेलेल्या परवान्यांत त्याचा क्रमांक १. जुहूचे विमानतळ त्याच्या आदल्या वर्षीचे, १९२८ चे. विमानतळ म्हणायचे ते आजच्या दृष्टीने. प्रत्यक्षात ती भरतीच्या रेषेलगतची मातीची सपाटी होती. पावसाळ्यात ती पाण्याखाली जाई, आणि मग टाटांची टपालसेवा चंबूगबाळे आवरून पुण्याला जाई.

आता १९३२ च्या त्या पहिल्या दिवसाकडे पुन्हा पाहा. जे. आर. डी. दुपारी जुहूला पोहोचले, तिथून टपाल पुढे बल्लारीमार्गे मद्रासला गेले. पुढचा टप्पा उडवणारा माणूस होता नेव्हिल व्हिन्सेंट. हा ब्रिटिश हवाईदलातला अधिकारी. हवाईदल सोडल्यावर १९२९ मध्ये एका सोबत्यासह जुनी लष्करी विमाने घेऊन तो हिंदुस्थानात आला आणि गावोगावी लोकांना पैसे घेऊन आकाशात फिरवून आणू लागला. फिरत्या तंबू-सिनेमासारखाच हा धंदा. हवाई टपालाची योजना त्यानेच आखली आणि जे. आर. डीं.पुढे मांडली. दोराबजी टाटा सुरुवातीला तयार नव्हते. अखेर २ लाख रुपयांच्या भांडवलावर होकार मिळाला. दोन पस मॉथ विमाने, तीन वैमानिक आणि मूठभर यंत्रज्ञ एवढ्यावर काम सुरू झाले. म्हणजे एअर इंडियाच्या वंशावळीतला दुसरा वैमानिक हा एका सेवेतून बाहेर पडून दुसरीकडे उडू लागलेला माणूस होता. आपल्याकडे या घटनेची आठवण काढताना व्हिन्सेंटचे नाव तळटीपेत जाते, याची मला नेहमी खंत वाटते. १९४२ च्या जानेवारीत इंग्लंडहून परतताना त्याचे विमान युद्धात नाहीसे झाले.

दुसरे महायुद्ध संपले तेव्हा अशा व्हिन्सेंटांची रांग लागली. हवाईदलातून मोकळे झालेले वैमानिक होते आणि अमेरिकी सैन्याने मागे ठेवलेली डाकोटा विमाने स्वस्तात मिळत होती. कंपन्या पावसाळ्यातल्या भूछत्रांसारख्या उगवल्या. ३० जानेवारी १९४९ पासून रात्रीची टपालसेवा सुरू झाली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या चार दिशांनी विमाने मध्यरात्री नागपूरला जमायची, थैल्यांची अदलाबदल करायची आणि पहाटेपर्यंत आपापल्या शहरी परतायची. पण प्रवासी थोडे, कंपन्या फार. न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने १९५० मध्ये हेच निदान केले, आणि १ ऑगस्ट १९५३ रोजी सगळ्या कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण झाले. देशांतर्गत उड्डाणांसाठी इंडियन एअरलाइन्स, परदेशासाठी एअर इंडिया इंटरनॅशनल. वेळापत्रकानुसार चालणारी विमानसेवा ही आता सरकारची मक्तेदारी होती.

आपल्या विषयाच्या दृष्टीने १९५३ ची ही घटना फार महत्त्वाची आहे. विमान कंपन्यांच्या इतिहासात तिच्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण वैमानिकाच्या बाजूने पाहिले तर तिचा अर्थ एवढाच होता की, निवृत्तीनंतर ठोठावायला दुसरे दारच उरले नाही. एका कंपनीने घरी पाठवले की देशात दुसरी कंपनी नव्हती. फ्लाइंग क्लबात मुलांना शिकवा, एखाद्या राज्य सरकारचे वा उद्योगाचे छोटे विमान चालवा, नाही तर परदेशी जा. परवाना खिशात चालू, अंगात वीस हजार तासांचा अनुभव, आणि बसायला खुर्ची नाही.

आणि ५८ हा आकडा आला कुठून? तो कोणा डॉक्टरने दिलेला नव्हता. केंद्र सरकारच्या नोकराचे निवृत्तीचे वय १९६० च्या दशकापासून १९९८ पर्यंत ५८ होते. सरकारी महामंडळाने सरकारी वय उचलले, इतकेच. फायली हाताळणारा कारकून आणि जंबो जेट हाताळणारा कप्तान एकाच मापाने मोजले गेले.

त्याच विमानाच्या मागच्या भागात तर आणखी वेगळेच माप होते. एअर इंडियाची हवाईसुंदरी पस्तिसाव्या वर्षी निवृत्त होई. नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न केले किंवा पहिल्यांदा गर्भवती राहिली, तर त्याआधीच. पस्तिशीनंतर मुदतवाढ द्यायची की नाही हे व्यवस्थापकीय संचालकांच्या मर्जीवर होते. तेच काम करणारा पुरुष पर्सर ५८ पर्यंत राही. नर्गेश मिर्झा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे न्यायालयात नेले. १९८१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने गर्भारपणाची अट आणि मुदतवाढीतली ती अनिर्बंध मर्जी रद्द केली. लग्नाची अट मात्र कायम ठेवली. या प्रकरणावर कधीतरी स्वतंत्र धागा लिहायचा आहे. इथे सांगायचे ते असे की, एकाच विमानात, एकाच उंचीवर, तीन माणसांची तीन निवृत्तीची वये होती, आणि त्यांपैकी एकाही वयामागे शरीरशास्त्र नव्हते.

हे फक्त आपल्याकडचे नव्हते. अमेरिकेत १५ मार्च १९६० पासून विमान कंपन्यांच्या वैमानिकांना साठाव्या वर्षी थांबणे सक्तीचे झाले. हा नियम करणाऱ्या विमान वाहतूक प्रशासनाचे प्रमुख होते एल्वूड केसाडा. त्याच्या आदल्या वर्षी अमेरिकन एअरलाइन्सचे प्रमुख सी. आर. स्मिथ यांनी वयोमर्यादेसाठी त्यांच्याकडे पाठपुरावा केला होता. नवी जेट विमाने येत होती, वयस्क कप्तान महाग होते, आणि त्यांना नव्या विमानावर शिकवण्यापेक्षा तरुणाला शिकवणे कंपनीला परवडत होते. पद सोडल्यावर केसाडा त्याच अमेरिकन एअरलाइन्सच्या संचालक मंडळावर गेले. यातून काय अर्थ काढायचा तो वाचकांनी काढावा.

आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेचे मानकही मुख्य वैमानिकासाठी दीर्घकाळ साठच होते. २३ नोव्हेंबर २००६ रोजी ते ६५ झाले, पण एक अट घालून : साठीपलीकडच्या कप्तानाच्या शेजारचा वैमानिक साठीच्या आतला हवा. एकाला काही झाले तर दुसरा सावरेल, हा त्यामागचा हिशेब. म्हणजे दोन पांढऱ्या केसांचे कप्तान एकत्र बसू शकत नव्हते, आणि उड्डाणांचे वेळापत्रक लावणाऱ्यांना वैमानिकांच्या जन्मतारखाही पाहाव्या लागत. १३ नोव्हेंबर २०१४ पासून ही जोडीची अट गेली. या बदलातली एक गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. नोव्हेंबर २००६ नंतर वर्षभर अमेरिकेच्या आकाशात एखाद्या परदेशी कंपनीचा चौसष्ट वर्षांचा कप्तान खुशाल उतरू शकत होता. अमेरिकी कंपनीचा एकसष्ट वर्षांचा कप्तान मात्र तिथेच बेकायदा ठरत होता. तो नियम अमेरिकेने १३ डिसेंबर २००७ रोजी बदलला.

परत मुंबईला येऊ. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला मक्तेदारीचे दार किलकिले झाले. १९९२ मध्ये ईस्ट वेस्ट, १९९३ मध्ये दमानिया, जेट आणि सहारा. १९९४ मध्ये १९५३ चा कायदाच रद्द झाला. नव्या कंपन्यांनी विमाने भाड्याने आणली. विमान भाड्याने मिळते, कप्तान मिळत नाही. हे नीट समजून घेतले पाहिजे. विमान कंपनीच्या वैमानिकाचा वरचा परवाना मिळवायलाच किमान १,५०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्यानंतर उजव्या खुर्चीतून डाव्या खुर्चीत, म्हणजे सहवैमानिकाच्या जागेवरून कप्तानाच्या जागेवर जायला आणखी वर्षे जातात. बोइंग ७३७ चालवणारा माणूस एअरबसवर तसाच बसत नाही. प्रत्येक जातीच्या विमानासाठी वेगळे प्रशिक्षण आणि वेगळी नोंद लागते.

अशा वेळी अठ्ठावन्नाव्या वर्षी सरकारी कंपनीतून बाहेर पडलेला कप्तान म्हणजे नव्या कंपनीच्या दारात आयती आलेली लक्ष्मीच. परवाना तयार, तास तयार, कित्येकदा त्याच जातीच्या विमानाची नोंदही तयार. शिवाय तो कोणाची नोकरी सोडून येत नव्हता. हा मुद्दा पुढे अधिकच वजनदार झाला. वैमानिकांची पळवापळवी थांबवण्यासाठी नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने २००५ मध्ये राजीनाम्याआधी सहा महिन्यांची सूचना सक्तीची केली आणि २०१७ मध्ये कप्तानांसाठी ती वर्षाची केली. निवृत्त माणसाला कसली सूचना? तो सोमवारी हार घालून घेई आणि पुढच्या सोमवारी दुसऱ्या रंगाचा गणवेश घालू शकत असे.

पण त्या गणवेशावरच्या चार पट्ट्या आणि जुन्या गणवेशावरच्या चार पट्ट्या यांत फरक होता. विमान कंपनीत ज्येष्ठता हे सर्वस्व असते. कोणत्या मार्गावर जायचे, कोणत्या विमानावर बसायचे, दिवाळीत घरी राहायचे की नाही, हे सगळे ज्येष्ठतेच्या यादीवर ठरते. निवृत्त कप्तान नव्या कंपनीत त्या यादीबाहेर, कंत्राटावर असे. आणि त्याच्या शेजारी बसलेला तिशीतला सहवैमानिक मनात काय म्हणत असेल? डावीकडची ही खुर्ची रिकामी होण्याची वाट पाहणारा तोच होता. एकाच कॉकपिटमध्ये एकाचा अनुभव हा दुसऱ्याच्या बढतीतला अडसर असतो. मला यात कोणा एकाची बाजू घेता येत नाही. तरुणाची तक्रार खरी आहे, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी धडधाकट माणसाला घरी बसवणे हेही शहाणपणाचे नाही.

अनुभवाविषयी मात्र आपण फार भाबडे नसावे. ते शिकवायला जुहूइतकी चांगली जागा नाही. १५ जुलै १९५३ रोजी बी.ओ.ए.सी. या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट जेट सांताक्रूझ समजून जुहूच्या आखूड धावपट्टीवर उतरले. २४ सप्टेंबर १९७२ रोजी जपान एअरलाइन्सच्या डीसी-८ ने तीच चूक केली आणि ते धावपट्टी ओलांडून पुढे गेले. सुदैवाने कोणी दगावले नाही. ही चूक हौशी शिकाऊंची नव्हती. जगातल्या बड्या कंपन्यांची जेट विमाने चालवणाऱ्या कप्तानांची होती.

याच जुहूवर १९८० च्या दशकापासून निवृत्तीनंतरच्या उड्डाणाचा दुसरा, कमी बोलला गेलेला अध्याय सुरू झाला. १९७४ मध्ये बॉम्बे हायला तेल लागले. किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, भर समुद्रात काम करणाऱ्या माणसांची ने-आण करायला हेलिकॉप्टर हवे होते. ऑक्टोबर १९८५ मध्ये सरकारने हेलिकॉप्टर कॉर्पोरेशन ऑफ इंडिया स्थापन केले. तेच पुढे पवनहंस झाले, आणि त्याचा पश्चिमेकडचा तळ जुहू. हेलिकॉप्टर आणता आले, वैमानिक आणायचे कुठून? देशात नागरी हेलिकॉप्टरचे प्रशिक्षण जवळजवळ नव्हतेच. ते शिकवणारी एकच शाळा होती : सैन्यदले. सैन्यदलांत निवृत्ती लवकर येते. सियाचीनच्या बर्फात किंवा युद्धनौकेच्या डेकवर उतरायला शिकलेली माणसे पेन्शन घेऊन जुहूला आली आणि लाटांमधल्या लोखंडी फलाटांवर उतरू लागली.

हे काम धोक्याचे आहे, आजही. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून निघालेले पवनहंसचे डॉफिन समुद्रात कोसळले आणि दोन वैमानिकांसह सातही जण गेले.

लष्करी निवृत्तीनंतर नागरी विमानात आलेल्यांपैकी एक नाव महाराष्ट्राला माहीत आहे : दीपक साठे. १९८१ मध्ये हवाईदलात आले, २००३ मध्ये विंग कमांडर म्हणून निवृत्त झाले आणि पुढे एअर इंडिया एक्सप्रेसचे कप्तान झाले. ७ ऑगस्ट २०२० च्या पावसाळी संध्याकाळी दुबईहून आलेले त्यांचे विमान कोळिकोडच्या डोंगरमाथ्यावरच्या धावपट्टीवरून पुढे जाऊन दरीत कोसळले. १९० जण होते. दोन्ही वैमानिकांसह २१ जणांचा मृत्यू झाला. त्या आठवड्यात समाजमाध्यमांनी त्यांना शूरवीर ठरवले. २०२१ मध्ये आलेल्या चौकशी अहवालाने अपघाताचे संभाव्य कारण म्हणून मुख्य वैमानिकाने ठरलेल्या कार्यपद्धतीचे पालन न केल्याचे नोंदवले. मात्र तो अहवाल तिथेच थांबत नाही. कोळिकोड तळावर कप्तानांचा तुटवडा होता आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या उड्डाणासाठी तिथेच पोहोचण्याचे दडपण त्यामागे होते, हेही त्यात लिहिले आहे. इतिहासाच्या विद्यार्थ्याने अहवालातली ही दोन्ही वाक्ये एकत्र वाचावीत. कप्तान कमी पडतात, म्हणून आहेत त्यांच्यावर भार येतो. आणि तीच टंचाई निवृत्तांना परत बोलावते.

ही बोलावणी किती कच्च्या धाग्याने बांधलेली असतात, हे त्याच वर्षी दिसले होते. एअर इंडियाने ५८ चा नियम न मोडता वाट काढली होती : आपल्याच निवृत्त वैमानिकांना कंत्राटावर परत घ्यायचे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली, विमाने जमिनीवर आली, आणि एप्रिलच्या सुरुवातीलाच सुमारे २०० निवृत्त-पुनर्नियुक्त वैमानिकांची कंत्राटे स्थगित झाली. कायम नोकरीतल्यांचे भत्ते कापले गेले, यांचे कामच थांबले. कंत्राट नावाच्या कागदाचा अर्थ त्या दिवशी कळला. त्यांचे परवाने मात्र चालूच होते.

२७ जानेवारी २०२२ रोजी एअर इंडिया टाटांकडे परत आली. त्याच वर्षी जूनमध्ये कंपनीने आपल्या निवृत्त वैमानिकांना पाच वर्षांच्या कंत्राटावर कप्तान म्हणून परत येण्याचा प्रस्ताव दिला. नवी विमाने घ्यायची होती आणि डावी खुर्ची भरणारी माणसे हवी होती. वरची मर्यादा अर्थातच ६५. साठीनंतर दर सहा महिन्यांनी वैद्यकीय तपासणी. २०२० च्या एप्रिलमध्ये ज्याला साठावे लागले होते, त्याच्या हाती अजून तीन वर्षे होती. जो तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होता, त्याच्यासाठी ते पत्र उशिरा आले. त्याला आता हवे असेल तर जे. आर. डीं.सारखे एकट्याने, छोट्या विमानात, हौशी परवान्यावर उडता येईल. तेही जुहूहून अवघडच; सांताक्रूझच्या गर्दीमुळे इथले आकाश आखडले आहे, आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबची शिकाऊ विमाने आता धुळ्याला उडतात.